कोकराच्या गाण्यामागची बाई

आमच्या पुतणीला सातवा महिना लागला आणि घरात डोहाळजेवणाचे वेध लागले. आमच्या वेळी डोहाळजेवण म्हणजे झोपाळा, चंद्राची कोर, नाहीतर धनुष्यबाण. हिरवी साडी, फुलांचे दागिने, आणि शेवटी वाटी उघडून पेढा की बर्फी. आता मुलींच्या कल्पना वेगळ्या. हिनं आणि हिच्या ऑफिसातल्या मैत्रिणींनी मिळून ठरवलं की या वेळी थीम करायची ती इंग्रजी बालगीतांची. भिंतीवर पुठ्ठ्याचा हम्प्टी डम्प्टी, झोपाळ्याच्या वर ट्विंकल ट्विंकलची चांदणी, दारात जॅक आणि जिलची बादली, त्या बादलीत पन्हं, आणि मधल्या टेबलावर मेरीचं पांढरंशुभ्र कोकरू. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं. मग जरा वेळानं विचारलं की त्या कोकराच्या गळ्यात घुंगरू बांधणार ना? झालं, परवानगी मिळाली!

कामांची वाटणी झाली. मला विणकाम येतं म्हणून कोकरू माझ्याकडे. मोठ्या जाऊबाईंनी मात्र कुणी विचारायच्या आत सांगून टाकलं की त्या दिवशी स्वयंपाकघर त्या बघतील. पुतणी त्यांची एकुलती एक लेक. लेकीच्या डोहाळजेवणाला आई स्वयंपाकघरात का, असं कुणीच विचारलं नाही. कारण सगळ्यांना माहीत होतं.

कोकराबरोबर आणखी एक काम माझ्या गळ्यात पडलं. प्रत्येक गाण्याखाली एक छोटं कार्ड लावायचं, ते गाणं कुणी आणि कधी लिहिलं त्याच्या चार ओळी. शोधायला बसले तर बऱ्याच गाण्यांना कर्ताच नाही. आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखी ती सगळ्यांची, कुणा एकीची नाहीत. चांदणीची कविता जेन टेलर या इंग्लंडमधल्या बाईंची, १८०६ सालची. आणि कोकराची कविता अमेरिकेतल्या सारा जोसेफा हेल यांची, १८३० सालची. चार ओळींपुरतं वाचायचं म्हणून साराचं चरित्र हाती घेतलं आणि लोकरीचा गुंडा मांडीवर तसाच राहिला.

सारा जन्मली २४ ऑक्टोबर १७८८ रोजी, न्यू हॅम्पशायर राज्यातल्या न्यूपोर्ट गावाजवळच्या एका शेतावर. वडील गॉर्डन ब्युएल अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेले. त्या काळात तिकडेही मुलींना कॉलेजची दारं बंदच होती. पण आईवडील जरा वेगळ्या विचारांचे. घरात जी काही पुस्तकं होती ती मुलीच्या हाती द्यायला त्यांनी मागेपुढे पाहिलं नाही. भाऊ होरेशिओ डार्टमथ कॉलेजात शिकायला गेला. तो सुटीत घरी आला की कॉलेजात शिकलेलं बहिणीला शिकवायचा. पदवी भावाला मिळाली, अभ्यास दोघांचा झाला. अठराव्या वर्षापासून सारा गावातल्या मुलांची शाळा घेऊ लागली. शाळा, मुलं आणि मेंढरं, हे सगळं तिनं तेव्हाच जवळून पाहिलं असणार.

१८१३ साली पंचविशीच्या उंबरठ्यावर असताना तिचं लग्न डेव्हिड हेल या वकिलाशी झालं. त्या मानानं उशिरा, पण जोडी छान जमली. रोज रात्री आठ ते दहा हे दोन तास नवराबायको मिळून अभ्यास करायचे. फ्रेंच, वनस्पतिशास्त्र, काय वाटेल ते. मुलं झाली तरी हा नेम मोडला नाही. (मैत्रिणींनो, आठ ते दहा म्हणजे आपल्या मालिकांची वेळ, हे माझ्या लगेच लक्षात आलं!) मध्यंतरी सारा फार आजारी पडली. क्षयच असं निदान झालं, आशा सोडल्यासारखीच होती. डेव्हिडनं तिला गाडीत घातलं आणि डोंगराळ भागात मोकळ्या हवेत कित्येक दिवस फिरवलं, ताजी द्राक्षं खाऊ घातली. ती बरी होऊन घरी आली. द्राक्षांनी गुण आला की नवऱ्याच्या मायेनं, देव जाणे. पण पुढे जन्मभर तिला द्राक्षांचं मोल वाटत राहिलं.

आणि मग १८२२चा सप्टेंबर उजाडला. डेव्हिडला न्यूमोनिया झाला आणि बघता बघता तो गेला. सारा चौतीसाव्या वर्षात होती. पदरी चार मुलं, थोरला सात वर्षांचा. आणि पाचव्या वेळचे दिवस अगदी भरलेले. नवऱ्याला जाऊन पंधरा दिवस होतात न होतात तोच धाकटा विल्यम जन्मला. घरात शिल्लक म्हणावी अशी नव्हतीच.

इथे मी वाचायची थांबले. अठ्ठावीस वर्षांपूर्वी आमच्या घरातही असाच एक महिना येऊन गेला आहे. जाऊबाईंच्या डोहाळजेवणाची तारीख ठरली होती, हिरवी साडी आणून ठेवली होती. आणि मोठे दीर अचानक गेले. डोहाळजेवण झालंच नाही. ज्या बाळाचं ते होतं, त्याच आमच्या पुतणीचं आता डोहाळजेवण आहे.

साराला तेव्हा काळे कपडे चढवावे लागले. तिकडे सुतकाचा रंग काळा. इतर बायका काही काळानं साधे रंग वापरायला लागायच्या. सारानं मात्र काळा उतरवला नाही. पुढची सत्तावन्न वर्षं, मरेपर्यंत ती काळ्या कपड्यांतच राहिली. पण एक गोष्ट लक्षात घ्या. काळे कपडे घालून ती माजघरात बसली नाही. काळ्या कपड्यांत ती बाहेर पडली.

डेव्हिड फ्रीमेसन संघटनेचा सभासद होता. त्या मंडळींनी साराला आणि तिच्या नणंदेला बायकांच्या टोप्यांचं दुकान काढून दिलं. दुकान चाललं असतं, पण साराचं मन त्यात रमेना. रात्री मुलं झोपली की ती लिहायला बसायची. १८२३ साली, त्याच मंडळींच्या मदतीनं तिच्या कवितांचं पुस्तक निघालं. १८२७ साली ‘नॉर्थवुड’ ही कादंबरी आली. उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची अमेरिका, गुलामगिरी आणि माणसांचं वागणं यावरची. ती गाजली. बोस्टनच्या एका धर्मगुरूंना बायकांसाठी मासिक काढायचं होतं, त्यांनी संपादनासाठी साराला बोलावणं धाडलं.

बोलावणं आलं, पण पाच मुलांचं काय? बोस्टनला पाचही जणांना सांभाळून नोकरी करणं शक्य नव्हतं. सारानं चार मुलं नातेवाइकांकडे ठेवली आणि पाच वर्षांच्या विल्यमला घेऊन ती १८२८ साली बोस्टनला गेली. लोकांनी नावं ठेवली असतीलच. ती कुठं नसतात? पण मुलांची शिक्षणं व्हायची तर हाच रस्ता होता. आमच्या मंडळात घरकामाला आणि शिवणकामाला जाणाऱ्या कितीतरी बायका येतात. मुलाला आईकडे गावाला ठेवून इथे शहरात राबणाऱ्या. ‘करियर करणारी बाई’ असं त्यांना कुणी म्हणत नाही. साराचीही गोष्ट तीच होती.

‘लेडीज मॅगझिन’ हे बाईनं संपादन केलेल्या अगदी सुरुवातीच्या अमेरिकन मासिकांपैकी एक. इतर मासिकं तेव्हा इंग्लंडच्या मासिकांतला मजकूर कापून छापायची. सारानं आग्रह धरला तो आपल्याच लेखकांच्या नव्या लेखनाचा. आणि दर अंकात एक विषय हटकून असायचा, मुलींचं शिक्षण.

आता कोकराकडे येते. बोस्टनमध्ये लोवेल मेसन नावाचे संगीताचे शिक्षक होते. शाळेत मुलांना गाणं शिकवलं पाहिजे हे त्यांचं वेड. पण मुलांनी गावं असं काही हाताशी नव्हतं, म्हणून त्यांनी साराला मुलांसाठी कविता लिहायला सांगितलं. १८३० साली ‘पोएम्स फॉर अवर चिल्ड्रेन’ हे छोटं पुस्तक निघालं. त्यात मेरीच्या कोकराची कविता होती, ‘मेरीज लॅम्ब’ या नावाची. मेसन यांनी लगेच तिला चाल लावली, पण आपण आज म्हणतो ती चाल मागाहून आली.

आपल्या मुलांना शाळेत या कवितेचा पहिला तुकडाच शिकवतात, त्यामुळे ती नुसती गंमत वाटते. मूळ कविता मोठी आहे. कोकरू मेरीच्या मागोमाग शाळेत येतं, मुलं हसतात, बाई की गुरुजी जे कुणी असतील ते त्याला बाहेर काढतात. पण ते निघून जात नाही. शाळा सुटेपर्यंत बाहेरच घुटमळत राहतं आणि मेरी दिसताच तिला येऊन बिलगतं. मुलं विचारतात, याला हिचा एवढा लळा का? आणि गुरुजी सांगतात की हिचा त्याच्यावर तेवढाच जीव आहे म्हणून. चार मुलांना दूर ठेवून आलेल्या आईनं हे लिहिलंय, हे कळल्यावर ते दाराबाहेर थांबलेलं कोकरू मला वेगळंच दिसायला लागलं. कवितेचा असा अर्थ काढू नये, हे मला बी.ए.ला शिकवलं होतं. तरी मी काढतेच.

या कवितेवरून पुढे वादही झाला. मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग गावच्या मेरी सॉयर नावाच्या बाईंनी म्हातारपणी सांगितलं की ती मेरी मीच, आणि सुरुवातीच्या ओळी एका तरुण विद्यार्थ्यानं लिहून माझ्या हातात दिल्या होत्या. पुढे मोटारवाल्या हेन्री फोर्डनाही ती गोष्ट पटली, आणि १९२०च्या दशकात त्यांनी ती जुनी शाळा विकत घेऊन दुसऱ्या गावी नेऊन उभी केली. सारा मात्र शेवटपर्यंत सांगत राहिली की कविता पूर्ण आपलीच. पुस्तक तिच्याच नावाचं आहे. त्या विद्यार्थ्याच्या हातचा कागद काही कुणाला दाखवता आलेला नाही.

साराचं काम कवितेपाशी थांबलं नाही. बोस्टन हे बंदर. तिथल्या खलाशांच्या बायका आणि विधवा शर्ट शिवून पोट भरायच्या, आणि दुकानदार त्यांना कवडीमोल मजुरी द्यायचे. १८३३ साली सारानं ‘सीमन्स एड सोसायटी’ ही संस्था काढली. संस्थेचं स्वतःचं दुकान होतं. तिथे शिवणाऱ्या बाईला रास्त मजुरी आणि खलाशाला रास्त भावात कपडा मिळायचा. त्यांच्या मुलींसाठी शाळाही निघाली. नुसतं दान देऊन भागत नाही, कामाचा दाम मिळायला हवा, हे तिचं म्हणणं. शिवणाचा वर्ग चालवणाऱ्या कुणालाही ते पटेल.

बंकर हिलचं युद्धस्मारक पैशाअभावी कित्येक वर्षं अर्धवट पडलं होतं. पुरुष मंडळींच्या समित्या थकल्या. १८४० साली सारानं बायकांना हाक दिली. बायकांनी घरी केलेल्या वस्तूंची जत्रा भरवली आणि सात दिवसांत तीस हजार डॉलर उभे केले. स्मारक पुरं झालं.

१८३७ साली फिलाडेल्फियाच्या लुई गोडी यांनी साराचं मासिक विकत घेतलं आणि आपल्या ‘गोडीज लेडीज बुक’मध्ये मिळवून तिलाच संपादक केलं. सारानं फिलाडेल्फियाला जायला मात्र १८४१ साल उजाडू दिलं. कारण विल्यम हार्वर्डला शिकत होता. त्याचं शिक्षण होईस्तोवर तिनं बोस्टनहूनच अंक काढले. बाप जाऊन पंधरा दिवसांत जन्मलेला हा मुलगा पुढे बापासारखा वकील झाला. मधला होरेशिओ भाषांचा आणि आदिवासी समाजांचा मोठा अभ्यासक म्हणून नावाजला गेला.

‘गोडीज’ हे रंगीत फॅशनच्या चित्रांसाठी घेतलं जायचं. साराला ती चित्रं फारशी आवडायची नाहीत. पण चित्रांसाठी अंक घेणारी बाई पान उलटून मजकूरही वाचते, हे तिला माहीत होतं. १८६०च्या सुमारास या मासिकाचा खप दीड लाखांवर गेला. त्या काळी अमेरिकेत एवढा खप दुसऱ्या मासिकाला क्वचितच होता. त्या पानांतून सारानं लग्न झालेल्या बाईच्या मालमत्तेवर तिचा हक्क असावा म्हणून लिहिलं. मुलींच्या कॉलेजसाठी लिहिलं. मॅथ्यू व्हासर यांनी १८६१ साली मुलींसाठी मोठं कॉलेज स्थापन केलं, तेव्हा शिकवायला बायकाही घ्या असा तिनं धोशा लावला. कॉलेजच्या नावात ‘फीमेल’ हा शब्द होता. मादी म्हटल्यासारखा तो शब्द तिला खटकला. पत्रांवर पत्रं गेली आणि १८६७ साली तो शब्द नावातून गेला.

बायकांनी डॉक्टर व्हावं हाही तिचा ध्यास. बायकांची दुखणी बायकांना सांगता आली पाहिजेत, म्हणून फिलाडेल्फियातल्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजची तिनं कायम पाठराखण केली. हे कॉलेज १८५० साली निघालं. आणि मैत्रिणींनो, हेच ते कॉलेज, जिथे १८८३ साली आपली आनंदीबाई जोशी शिकायला गेली आणि १८८६ साली डॉक्टर झाली. चौदाव्या वर्षी आई झालेली आनंदीबाई, तिचं बाळ दहा दिवसांतच गेलं होतं. सारा आणि आनंदीबाईची भेट झाली नाही, होणारच नव्हती. आनंदीबाई पोचली तेव्हा साराला जाऊन चार वर्षं झाली होती. पण ज्या दारातून आपली मुलगी आत गेली, ते उघडं राहावं म्हणून खपलेल्यांत ही कोकरावाली बाईही होती.

साराची सगळीच मतं मला पटली असं नाही. बायकांना मतदानाचा हक्क असावा हे तिनं कधी मान्य केलं नाही. बाईनं घरातूनच जग सुधारावं असं ती म्हणायची आणि स्वतः मात्र देशभर वाचलं जाणारं मासिक चालवायची! गुलामगिरी वाईट म्हणताना मोकळ्या केलेल्या माणसांना आफ्रिकेत पाठवावं असंही तिनं सुचवलं. ज्यांचा जन्म अमेरिकेत झाला त्यांना तिथून का घालवायचं, हा प्रश्न तिला पडला नाही. मोठ्या माणसांनाही आपल्या काळाच्या भिंती असतात.

तिची चिकाटी मात्र वाखाणण्यासारखी. थँक्सगिव्हिंगचा सण तेव्हा मुख्यतः तिच्या भागात, आणि राज्याराज्यांत वेगवेगळ्या दिवशी व्हायचा. साऱ्या देशानं एकाच दिवशी पंगतीला बसावं म्हणून १८४६पासून ती लिहीत राहिली. राज्यपालांना पत्रं, राष्ट्राध्यक्षांना पत्रं. चार राष्ट्राध्यक्षांनी मनावर घेतलं नाही. पाचवे अब्राहम लिंकन. यादवी युद्ध पेटलेलं असताना २८ सप्टेंबर १८६३ रोजी तिनं त्यांना पत्र लिहिलं आणि अवघ्या पाच दिवसांत, ३ ऑक्टोबरला जाहीरनामा निघाला. साराचं वय तेव्हा पंचाहत्तरीला टेकलं होतं.

एकोणनव्वदाव्या वर्षी, १८७७ साली, तिनं संपादकाची खुर्ची सोडली. गंमत बघा, त्याच वर्षी एडिसननं आवाज साठवणारं यंत्र केलं आणि चाचणीला त्यात म्हटली ती हीच कोकराची कविता! यंत्रानं परत ऐकवलेले पहिले शब्द साराचे. ३० एप्रिल १८७९ रोजी फिलाडेल्फियात ती गेली.

हे सगळं चार ओळींच्या कार्डावर कसं बसवायचं? मी शेवटी एवढंच लिहिलं, की ही कविता सारा हेल यांनी १८३० साली लिहिली, पाच मुलांच्या आईनं, जिचं धाकटं बाळ वडील गेल्यावर जन्मलं.

कार्ड लिहून झालं आणि मग मी डोहाळजेवणाची यादी पुन्हा काढली. सजावट, खेळ, खाणं, सगळं होतं. ओटी कोण भरणार तिथे नेहमीची नावं होती, पाच सवाष्णी. आपण थीम बदलली, केक आणला, पण ही यादी तशीच ठेवली. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एक गाव ठराव करू शकतं, मग आपल्या चार खोल्यांच्या घरात काय अडतं? मी सवाष्णींच्या वर जाऊबाईंचं नाव लिहिलं आणि यादी सासूबाईंपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून वाचली, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की पहिली ओटी आईनंच भरायची असते. पुतणीनं तर हेही ठरवून टाकलंय की त्या दिवशी नेसायची ती आईच्या कपाटातली, अठ्ठावीस वर्षं घडी न मोडलेली हिरवी साडी.

तुमच्याकडे डोहाळजेवण असेल तर थीम कुठलीही घ्या. चांदणी टांगा, कोकरू विणा. फक्त ओटीची यादी एकदा नीट वाचा, कुणी स्वयंपाकघरात राहिलं नाही ना ते बघा.

जाऊबाई अजून हो म्हणालेल्या नाहीत. पण काल कळलं की त्यांनी त्या दिवसासाठी पोळ्यांना बाई सांगितल्यात.